लाल पट्टी

दृश्य: भर समुद्रात थांबलेली बोट. पाण्याचा रंग गडद निळ्यातून पोपटी होत जाणारा.

केर्न्सचा धक्का सोडून दोन तास होत आले. ऑस्ट्रेलियाचा किनारा मागे दिसेनासा झालाय आणि इथे, भर समुद्रात, तळ वर आलाय. १७७० साली इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकचं एन्डेव्हर जहाज रात्रीच्या वेळी अशाच एका रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळखडकावर, चढून अडकलं होतं. आपण मुद्दाम आलोय.

ग्रेट बॅरियर रीफला भिंत म्हणायची सवय आहे, पण ही भिंत सलग नाही. सुमारे २,३०० किलोमीटरच्या पट्ट्यात जवळपास २,९०० रीफ विखुरलेली आहेत. त्यांतल्या एकावर आपण उतरतोय.

दृश्य: पाठीवर सिलिंडर, पाण्यात पहिली उडी.

उतरताना सगळं लक्ष कानांकडे. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान मोकळे करायचे, मग थोडं आणखी खाली. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. श्वास मात्र कधीच रोखायचा नाही. वर येताना कोंडलेली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. आणि अंगठा उंचावायचा नाही. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’. नवखे लोक खूश होऊन अंगठा दाखवतात आणि मार्गदर्शक त्यांना इमानेइतबारे वर घेऊन निघतो.

दृश्य: कॅमेऱ्याची लाल पट्टी, जवळून.

ही पट्टी लाल आहे. बोटीवर तरी होती. पाच मीटरवर ती विटकरी दिसू लागली, पंधरा मीटरवर काळपट. सूर्यप्रकाशातला लाल रंग पाणी सगळ्यांत आधी गिळतं. इथे बोट कापलं तर रक्तसुद्धा हिरवट-काळं दिसेल. म्हणून समुद्रातलं चित्रीकरण करणारे सोबत दिवे नेतात. आम्हीही नेलेत. आता ते विझवतो.

दृश्य: दिवे बंद. काही क्षण फक्त श्वासाचे बुडबुडे.

डोळ्यांना दिसतं ते रीफ हे असं. निळसर, करडं आणि पुष्कळसं तपकिरी. इथे अनेकांचा हिरमोड होतो. मेलंय की काय, असंही वाटतं. पण हा तपकिरी रंगच जिवंतपणाची खूण आहे. प्रवाळ म्हणजे असंख्य पॉलिपांची वसाहत. एकेक पॉलिप बहुधा काही मिलिमीटरचा. मऊ पारदर्शक अंग, एक तोंड, भोवती इवल्या शुंडांचं कडं. त्याच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं, आणि तपकिरी रंग त्या शैवालाचा. भाडेकरू म्हणावं, तर घरमालकाला जेवू घालणारा भाडेकरू: उन्हावर साखर तयार करून प्रवाळाचं बरंचसं पोट तोच भरतो.

पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशानेच जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हा संसार मोडतो. शैवाल बाहेर पडतं, पारदर्शक अंगातून चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. काही प्रवाळं त्याआधी झगझगीत गुलाबी, जांभळी, निळी होतात. अशा प्रवाळाचं छायाचित्र फार देखणं येतं, आणि ते आजारी प्रवाळाचं असतं. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इथली प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. मग २०२०, २०२२, २०२४. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परततं, आणि तो नीरस तपकिरीही.

दृश्य: पोपटमासा खडक कुरतडतोय.

हा कुरुमकुरुम आवाज त्याच्या दातांचा. शेवाळासाठी तो चुनखडी चावतो, दळतो आणि मागे वाळू सोडतो. प्रवाळबेटांवरच्या पांढऱ्या शुभ्र वाळूवर अनवाणी चालायला सगळ्यांना आवडतं. ती येते कुठून, हे सहसा कुणी सांगत नाही.

दृश्य: दोराला धरून थांबलेले पाणबुडे.

पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा. शरीरात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडू द्यायचा. करण्यासारखं काही नाही. कुणी मनगटावरचे आकडे बघतंय, कुणी वर बोटीचा तळ. पट्टी अजून विटकरीच आहे.

चार मीटर. तीन. दोन.

लाल.