पाठांतराविना आठवण

श्रोतेहो, नमस्कार. मी मानसशास्त्र शिकवतो असे कळले, की एस.टी.त शेजारी बसलेला प्रवासी हमखास विचारतो, “म्हणजे तुम्हाला दुसऱ्याच्या मनातले कळते?” कळत नाही. माझा अभ्यासविषय स्मरण हा आहे. कुडाळला पदवी, मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात एम.ए., मग सेट आणि नोकरी सांभाळून पीएच.डी., एवढाच माझा शैक्षणिक प्रवास. मात्र त्यात भेटलेले दोन संशोधक अजून सुटलेले नाहीत.

जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने आठवून लिहायला सांगितली, तेव्हा कथेतल्या सीलच्या शिकारीची चक्क मासेमारी झाली. माणसे कथा जशीच्या तशी साठवत नाहीत, ओळखीच्या साच्यात ती नव्याने घडवतात, असे प्रतिपादन त्यांनी १९३२ मध्ये केले.

माझा छंद दशावताराचा, म्हणजे कोकणातल्या पारंपरिक लोकनाट्याचा. (गरी घेऊन जेटीवर बसण्याचाही आहे, पण त्यात मासळीपेक्षा डासच अधिक मिळतात.) जत्रेच्या रात्री मंडळी देवळात उतरतात, आख्यान ठरते, नट आपापला चेहरा स्वतःच रंगवतात आणि पेटी, पखवाज, झांजेच्या साथीने, एका लाकडी बाकाला सिंहासन मानून पहाटेपर्यंत नाटक चालते. लिखित संहिता नसते. संवाद उभ्या उभ्या सुचतात. प्रेक्षक त्यांच्या पाठांतराचे कौतुक करतात, ते मला पटत नाही, कारण पाठ केलेले तेथे फार थोडे असते. नटाला कथेचा सांगाडा आणि पात्राचा स्वभाव ठाऊक असतो, आणि समोरच्याच्या बोलण्याकडे त्याचा कान असतो. बाकीचे तो त्या क्षणी घडवतो. पदांचे मात्र निराळे आहे: चाल आणि ताल शब्दांना जागा सोडू देत नाहीत.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एकाच आख्यानाचे दोन गावांतले प्रयोग पाहून काय बदलले ते टिपायला सांगतो. संवाद बदललेले आढळतात, प्रसंगांचा क्रम बहुधा तोच राहतो. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा तास मी आता दुपारी घेतो; विद्यार्थी पेंगतात हे कारण मी सांगतो, आणि ते अर्धेच खरे आहे.