डोंगरीचे कापड

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

आपल्या किनाऱ्यावर बोटीवरची नोकरी घरोघरी ठाऊक आहे. माझे मामा आगबोटीच्या इंजिनखोलीत होते. सुट्टीवर आले की त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत गळ्यापासून घोट्यापर्यंत सलग शिवलेला एक जाडाभरडा निळा पोशाख असे, आणि घरात सगळेच त्याला ‘डांगरी’ म्हणत. हा शब्द साहेबाकडून आला, असेच आम्ही धरून चाललो होतो. पुढे इंग्रजी कोशात ‘डंगरी’ची व्युत्पत्ती वाचली, तेव्हा कळले की साहेबानेच तो आपल्याकडून नेला होता.

मुंबई बेटावर डोंगरी नावाची टेकडी होती आणि तिच्यावर किल्ला होता. १७६९ साली इंग्रजांनी तिथे फोर्ट जॉर्ज बांधला. वस्तीचे नाव मात्र आजही डोंगरीच आहे. डोंगरीच्या जुन्या किल्ल्याजवळच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या जाड सुती कापडाला डोंगरी कापड म्हणू लागले आणि त्याचेच इंग्रजीत ‘डंगरी’ झाले, असे मानले जाते. मला विशेष वाटते ते या नावाच्या प्रवासाचे. मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे आली १६६८ साली. पण त्याच्या अर्धशतक आधी, १६१३ साली, कंपनीचा कप्तान जॉन सॅरिस आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवर कापड देऊन लवंगा घेत होता आणि त्याने नोंदवलेल्या कापडांच्या यादीत या नावाचे जुने रूप आढळते. म्हणजे इंग्रजांच्या हाती हे बेट येण्यापूर्वीच त्या कापडाचे नाव समुद्रापार पोहोचले होते.

हे कापड स्वस्त आणि टिकाऊ असल्यामुळे त्याची शिडे झाली, तंबू झाले आणि खलाशांचे कपडेही झाले. नीळ दिलेल्या कापडावर तेलाचे डाग फारसे उठून दिसत नाहीत, म्हणून कष्टकऱ्यांना ते सोयीचे पडले. ऑस्ट्रेलियात तर गरीब वसाहतकऱ्यांना या कापडावरूनच नाव पडले. हळूहळू शब्द कापडावरून पोशाखावर सरकला: ब्रिटनमध्ये छातीवर पट्टी असलेली विजार, अमेरिकेत निळ्या डेनिमची विजार, आणि आपल्याकडे बोटीवरची ती सलग डांगरी.

मामांची शेवटची डांगरी विरली, तेव्हा आजीने तिच्या पायांचे कापड कापून काजूच्या बिया ठेवायला पिशव्या शिवल्या. त्यांतली एक अजून माळ्यावर आहे; शिवणीच्या आतल्या बाजूला तिची नीळ टिकून आहे.