गाठ पाण्याची की भरीव?

(सकाळ. दसरा चौक, मग सीपीआर रुग्णालयाचं आवार.)

कागल, राधानगरी, गगनबावड्याकडून येणाऱ्या एस.टी. आता कोल्हापुरात पोहोचू लागल्यात. सोनोग्राफी म्हटलं की अजूनही बाळंतपणच डोळ्यांपुढे येतं. छातीतली गाठ पाण्याची की भरीव, हेही तिच्यातच कळतं. तिशीच्या आतल्या बाईला गाठ हाताला लागली, तर पहिली तपासणी हीच.

(तपासणीची खोली, दिवे मंद.)

जी बाजू बघायची, त्या खांद्याखाली उशी. हात डोक्यामागे. स्तन छातीवर पसरतो, ध्वनिलहरींना कमी जाडी ओलांडावी लागते. बाई स्वतः बोट ठेवून जागा दाखवते. प्रोब, म्हणजे लहरी सोडणारा हातातला भाग, तिथंच टेकवायचा. प्रोब सपाट तोंडाचा, 12 मेगाहर्ट्झच्या आसपासचा. पोटाच्या प्रोबवर इतकं बारीक दिसत नाही.

(पडदा, अगदी जवळून.)

करड्या भागात हा काळाभोर लंबगोल. कड पातळ, आत एकही ठिपका नाही. आणि त्याच्या बरोबर मागे उजळ पट्टा. पाणी लहरी फारशा शोषत नाही. यंत्र मात्र खोलीप्रमाणे ठरलेली भरपाई करतच राहतं, म्हणून मागचा भाग जास्त पांढरा दिसतो. आत काळं, कड पातळ, मागे उजेड. तिन्ही असतील तरच साधी सिस्ट, म्हणजे पाण्याची गाठ.

नुसत्या काळेपणावर विसंबायचं नाही. गेन म्हणजे परतलेल्या लहरी पडद्यावर किती उजळ दाखवायच्या ते. त्याच्या बटणावरचा हा हात बघा. गेन उतरवला, आणि भरीव गाठ पाण्यासारखी काळी झाली. चढवला, तर स्वच्छ सिस्टमध्ये नसलेला गाळ दिसायला लागला. म्हणून त्वचेखालची चरबी मध्यम करडी दिसेल एवढाच गेन ठेवायचा, फोकस गाठीच्या पातळीवर आणायचा, प्रोब आडवा आणि उभा फिरवायचा. मागचा उजेडही एकटा पुरावा नव्हे. काही भरीव गाठींमागे, अगदी काही कर्करोगांमागेही तो दिसतो.

गाळ खरा वाटला तर बाईला कुशीवर वळवतात. ठिपके तरंगत खाली सरकले, तर आत पाणीच आहे.

(रंगीत डॉप्लर: रक्ताचा प्रवाह रंगात.)

इथं हात हलका हवा. प्रोब दाबला की बारीक रक्तवाहिन्या मिटतात, आणि रक्त खेळणारी गाठ निर्जीव दिसते. आत मांसल कोंब, जाड पडदा, वेडीवाकडी कड, किंवा रुंदीपेक्षा उंची जास्त: यातलं काहीही दिसलं तर बायॉप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी.

साध्या सिस्टला औषध नको. दुखत असेल तर सुईनं पाणी काढतात. पिवळं-हिरवट पाणी टाकून देतात, रक्ताळलेलं तपासायला पाठवतात.

(अहवालाचा कागद.)

उजवा स्तन, घड्याळाच्या तबकडीप्रमाणे 10 वाजताची जागा, स्तनाग्रापासून 3 सेंमी. साधी सिस्ट. बायरॅड्स 2, म्हणजे निरुपद्रवी.