अडेनियम पावसात कुजतंय? पाणी घालायच्या आधी बुड दाबून बघा

नमस्कार मंडळी, मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकच, "दादा, अडेनियम कुजूलालंय, काय करू?" अडेनियम म्हणजे डेझर्ट रोज, ते फुगलेल्या बुडाचं फुलझाड. बेळगावात जुलै लागला की हे ठरलेलंच.

ऊन भरपूर, कुंडीला मोठी भोकं, मातीत निम्मी जाड वाळू नाहीतर विटांचा चुरा, हे तुम्हाला माहीत आहे, पुढं जाऊया.

खरी गोम बुडाची. ते फुगलेलं बुड म्हणजे झाडाची पाण्याची टाकी. हे मूळचं आफ्रिका आणि अरबस्तानातल्या कोरड्या, खडकाळ रानातलं, येमेनच्या सोकोत्रा बेटावर तर बाटलीसारखी जाडजूड झाडं चक्क खडकावर उभी असतात. आणि आपण ते आणून बेळगावजवळच्या खानापूरच्या धो धो पावसात ठेवतो!

आता नीट ऐका. बुड मऊ लागलं की लोक म्हणतात तहान लागली, आणि ओततात पाणी. एप्रिलमध्ये मऊ असेल तर खरंच तहान, घाला की भरपूर. पण पावसात, माती ओली असताना मऊ लागलं तर ते कुजलंय ओ! माती कोरडी आणि बुड मऊ, पाणी. माती ओली आणि बुड मऊ, चाकू. एवढंच.

माझंच सांगतो, सहा वर्षांचं झाड होतं, आई रोज तांदळाचं धुवण घालायची, "गुलाब आहे ना तो" म्हणून. डेझर्ट रोज म्हणतात ना, त्या नावानं घात केला, हे गुलाबाचं कुणीच नाही, कण्हेरीच्या कुळातलं आहे. एक दिवस अंगठा लावला तर साल सरकली, आतून तपकिरी पाणी आणि सडक्या बटाट्याचा वास.

तर कुजकं कापत जायचं, आत पांढरं, कडक लागेपर्यंत. दया येऊन थोडं ठेवलंत तर परत पसरतं. मग सावलीत आठवडाभर सुकवायचं आणि कोरड्या मातीत लावायचं. लावल्यावर पाणी नाही! पुढचे सात-आठ दिवस नाही. "थोडंसं?" थोडंसं पण नाही, ताज्या जखमेतूनच कूज परत आत शिरते.

चीक हाताला लागला तर साबणानं धुवा, विषारी आहे, आफ्रिकेत बाणाला लावायचे.

एकानं विचारलंय, थंडीत पानं गळाली, फेकू का? अहो झोपलंय ते. बुड दाबा, कडक आहे ना? मग ठेवा तसंच पत्र्याखाली, फेब्रुवारीपर्यंत.