निरीक्षणगृहातले खोके

कायद्याच्या कचाट्यात सापडलेली मुले जेथे ठेवली जातात त्या आपल्या निरीक्षणगृहांतील मुलांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी जी भीती असते, तिच्याबद्दल आज बोलायचे आहे. आणि सुरुवात बुटांच्या एका रिकाम्या खोक्यापासून करतो. पहिल्या भेटीत कोणीच तोंड उघडले नाही, म्हणून दुसऱ्या खेपेला मी ते खोके नेले, झाकणाला चीर पाडली आणि नाव न घालता प्रश्न लिहून आत टाकायला सांगितले. वहीच्या पानांच्या, आठ-आठ घड्या घातलेल्या चिठ्ठ्या निघाल्या. तीन-चारांवर एकच अक्षर होते. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी एका मित्राकडून लिहून घेतले होते. एकीवर पेन्सिलीने लिहून खोडले होते, तरी उमटलेले वाचता येत होते: "झोपेत धातू जातो, मला पुढे मूल होईल का?"

होईल, असे मी सगळ्यांसमोर सांगितले. शंभर थेंब रक्तातून वीर्याचा एक थेंब तयार होतो ही समजूत त्यांच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली होती, आणि एकाने तर रेल्वे पुलाखालची जाहिरात वाचून गॅरेजमधली मजुरी चूर्णावर घालवली होती. त्याहून घातक आहे तो आपला 'गरमी' हा शब्द. सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगाचे आपल्याकडचे नावच गरमी असल्यामुळे मुले ताक आणि सब्जा पीत बसतात. सिफिलिसचा पहिला व्रण दुखत नाही, काही आठवड्यांत आपोआप भरतो, आणि मुलगा बरा झालो असे समजतो. जंतू मात्र शरीरात राहतात, आणि वेळेवर दिलेल्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने जे सहज बरे झाले असते ते वाढत जाते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून मुख्य मुद्दा थोडक्यात मांडतो. मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील संमती ग्राह्य नाही, आणि कलम 19 प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकाला ती कळवावी लागते. सतरा वर्षांच्या दोघांनी घर सोडले, तर मुलगा आरोपी म्हणून बाल न्याय मंडळापुढे उभा राहतो आणि मुलगी पीडित म्हणून बालकल्याण समितीपुढे. हा कायदा मुलांच्या रक्षणासाठी आहे आणि तो हवाच. पण डॉक्टरला खरे सांगितले तर खटला वाढेल, हे मुलाला पक्के ठाऊक असते, म्हणून तो लघवीची जळजळही लपवतो. बाल न्याय कायद्याच्या 2016 च्या आदर्श नियमांत प्रत्येक मुलाची वैद्यकीय तपासणी आणि वैयक्तिक काळजी आराखडा सांगितलेला आहे. त्या आराखड्यात लैंगिक आरोग्याचा वेगळा रकाना असावा आणि सुटकेच्या दिवशी किशोरवयीनांसाठीच्या जवळच्या सरकारी मैत्री क्लिनिकचा पत्ता मुलाच्या हाती द्यावा, एवढीच माझी मागणी आहे.

येथे बसलेल्या अधीक्षकांना आणखी एक विनंती. खोके कार्यालयाच्या दाराशी ठेवू नका, तेथे सतत कोणीतरी उभे असते. न्हाणीघराच्या वाटेवर ठेवा.