शोकेसमधल्या पोरी आणि भुसावळचा मे

(दृश्य: काचेचं कपाट. खालच्या कप्प्यात स्टीलची ताटं, पितळी समया. वरच्या तीन कप्प्यांत मूर्ती.)

भुसावळात मे महिन्यात दुपारी बारानंतर रस्त्यावर जो दिसतो तो एक तर रेल्वेच्या ड्यूटीवर निघालेला असतो, नाहीतर गावात नवा असतो. पारा 45च्या पुढे. घरात कूलर घरघरत असतो, ओल्या वाळ्याचा वास खोलीभर असतो, आणि मी तासातासाला उठून या कपाटाशी जाते. आत एक छोटं थर्मामीटर ठेवलंय, ते बघते. शेजारच्या काकूंना बरेच दिवस वाटायचं की कपाटात कुणाचं तरी इन्सुलिन असावं.

इन्सुलिन नाही. वंडर वुमन आहे. तिच्या शेजारी बॅटगर्ल, सुपरगर्ल, हार्ले क्विन. आणि वरच्या कप्प्यात, पांढऱ्या केसांची, स्टॉर्म.

(दृश्य: चेहऱ्यांचे जवळून घेतलेले शॉट.)

नावं अमेरिकन कॉमिक्सची, पण चेहरे बघा. डोळे मोठाले, नाक नावापुरतं, हनुवटी निमुळती, केस वारा नसतानाही उडणारे. जपानीत सुंदर मुलीला ‘बिशोजो’ म्हणतात आणि या मालिकेचं नावही तेच. ती काढते कोतोबुकिया ही कंपनी. 1953 साली टोकियोजवळच्या ताचिकावात स्थापन झालेली. ‘कोतोबुकी’ म्हणजे शुभ, दीर्घायुष्याचं. ‘या’ म्हणजे दुकान. आपल्याकडे ‘शुभलाभ स्टोअर्स’ असतं ना, तसंच काहीसं. 2009 साली त्यांनी मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीच्या नायिकांपासून ही मालिका सुरू केली, पाठोपाठ डीसी या दुसऱ्या कंपनीच्या आल्या.

शुन्या यामाशिता हा चित्रकार आधी नायिकेचं चित्र काढतो. मग ते सपाट चित्र मूर्तिकार चहूबाजूंनी उभं करतो. आता तुम्हीच सांगा, चित्रात पाठ दिसतच नाही, तर मागच्या केसांची बट कुठून कशी वळवायची? ते मूर्तिकाराने ठरवायचं. म्हणून मी नवी मूर्ती आली की आधी तिची पाठ बघते. पुढून सगळ्याच बऱ्या दिसतात.

बहुतेकींचं प्रमाण 1/7. म्हणजे साडेपाच फुटी बाई सुमारे साडेनऊ इंचांत. मूळ नमुना पूर्वी हाताने घडवत, आता बरंचसं काम संगणकावर होतं. मग त्या नमुन्याचे तुकडे. केस वेगळे, हात वेगळे, केप म्हणजे पाठीवरचा झगा वेगळा. प्रत्येकासाठी धातूचा साचा, त्यात दाबाने भरलेलं गरम प्लास्टिक, पीव्हीसी. रंग बराचसा फवाऱ्याने, नको तो भाग झाकून. डोळे मात्र छापतात. कोरलेल्या पत्र्यावरची शाई मऊ रबरी गादी उचलते आणि गोलसर चेहऱ्यावर टेकवते. पांढरा, मग निळा, मग काळा, मग चमकेचा ठिपका. एक छाप केसभर सरकला तरी वंडर वुमन तिरळी.

माझी पहिली बॅटगर्ल तिरळीच होती. नकली. कुणाकडून घेतली ते सांगत नाही, स्वस्त होती म्हणून घेतली हे मात्र सांगते. खोका उघडला तर नव्या चपलेचा वास. ती अजून आहे, स्वयंपाकघरात, फ्रिजवर. तिला उन्हाचं काही वाटत नाही, हा तिचा एकच गुण.

(दृश्य: केळीची बाग. जमिनीतून वर आलेला राखाडी पाइप, व्हॉल्व्ह.)

जळगाव जिल्ह्यात पीव्हीसी म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रावेर-यावलच्या केळीला पाणी पोचतं ते याच्याच पाइपातून. ठिबकच्या बारीक काळ्या नळ्या पॉलिथिनच्या, पण मुख्य लाइन पीव्हीसीची. माझे आप्पा तीस वर्षं पाइपलाइनची कामं करतात. जोड मिळाला नाही तर पाइपाचं तोंड काडीकचऱ्याच्या जाळावर धरायचं, मऊ झालं की दुसरा पाइप त्यात घुसवायचा, वर ओलं फडकं. गार झालं की घट्ट. हे मी लहानपणापासून बघितलेलं. पण शोकेसमधली सुपरगर्ल त्याच घराण्यातली आहे हे डोक्यात यायला तिला वाकावं लागलं.

झालं असं की मी परीक्षेसाठी पंधरा दिवस नाशिकला होते. घर बंद, कपाट पश्चिमेच्या भिंतीला. परत आले तर सुपरगर्ल पुढे झुकलेली, जमिनीवर पडलेली सुई शोधत असल्यासारखी.

(दृश्य: मूर्तीचा घोटा, अगदी जवळून.)

मूर्तीचं पीव्हीसी पाइपासारखं कडक नसतं. पापणीएवढी बारीक टोकं मोडू नयेत म्हणून त्यात मऊ करणारं द्रव्य मिसळतात, प्लास्टिसायझर. त्यामुळे ते कमी उष्णतेत ढिलं पडतं. शिवाय या पोरी एका पायावर उभ्या. केस, केप, सगळा भार एका घोट्यावर. 45 अंशांना ते वितळत नाही, पण आठवडेच्या आठवडे तसाच भार राहिला की थोडं थोडं बसत जातं. आणि खोक्यात बंद ठेवून सुटका होईल असं समजू नका. हवा न लागता ते द्रव्य बाहेर येतं आणि मूर्ती चिकट होते, जशी गुळाची ढेप पावसाळ्यात. मग कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश.

मी रडायच्या बेतात होते. आप्पांनी सुपरगर्ल हातात घेतली, घोटा अंगठ्याने दाबून बघितला. म्हणाले, “पीव्हीसीच ना हे? मग गरम पाण्यात धर की.”

जपानपासून अमेरिकेपर्यंतचे संग्राहक हेच करतात, हे मला नंतर कळलं.

(दृश्य: आजी खुर्चीवर, हातात हार्ले क्विन.)

आजीचं माहेर अमळनेरकडचं. ती अजून अहिराणीतच बोलते. वंडर वुमन पहिल्यांदा बघितली तेव्हा तिने चष्मा वर केला आणि विचारलं, “इले थंडी नही वाजस का?”

हसू आलं, पण प्रश्न खरा आहे. या मालिकेतल्या काही मूर्ती अशा वळवल्या आहेत की बाई लढायला निघालीय की कुणी बघावं म्हणून उभी आहे, हेच कळत नाही. तशा मी घेत नाही. वंडर वुमन 1941 मध्ये आली. तिचा निर्माता विल्यम मौल्टन मार्स्टन मानसशास्त्रज्ञ होता, माणूस खोटं बोलताना त्याचा रक्तदाब कसा बदलतो यावर त्याने काम केलं होतं. तिच्या दोरात अडकलेला माणूस खरंच बोलतो, हे काही उगाच नाही. 1967 मधली बॅटगर्ल, बार्बरा गॉर्डन, दिवसा ग्रंथपाल. मूर्तीत यातलं काय दिसतं? दोर दिसतो. ग्रंथालय दिसत नाही. एखादं पुस्तक तिच्या पायाशी ठेवलं असतं तर माझ्यासारखीने दोनशे रुपये जास्त दिले असते. हार्ले क्विनची गोष्ट उलटी, ती 1992 साली बॅटमॅनच्या कार्टून मालिकेत आली आणि मग कॉमिक्समध्ये गेली. आजीला तीच आवडते. तोंड रंगवलंय म्हणून.

आजीच्या लेखी या सगळ्या भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत खान्देशातल्या पोरी मातीची भुलाबाई मांडतात, घरोघर गाणी म्हणतात आणि शेवटी बंद डबा हलवून आतला खाऊ ओळखतात. चकली वाजते, चिवडा सळसळतो, पेढा गप्प बसतो. (हल्ली आत कुठली मूर्ती निघेल ते न सांगता खोके विकतात. त्याची हौस मला कुठून लागली ते यावरून कळावं.) महिना संपला की भुलाबाईचं विसर्जन. त्यामुळे आजी दर कोजागिरीला कपाटाकडे बघून विचारते, “यास्ले पानीमा कधी सोडनं?”

(दृश्य: स्वयंपाकघर. गॅसवर पातेलं, शेजारी माठातल्या पाण्याची परात.)

कपाट आता उत्तरेच्या भिंतीला आहे. कूलरचा झोत त्यावर येऊ देत नाही, कारण आमच्या क्षाराच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसले की खरवडूनही निघत नाहीत. दुपारी पडदे. एवढं करूनही यंदा स्टॉर्म झुकली. 1975 मध्ये ‘एक्स-मेन’ या मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये आलेली, आई केनियाची राजकन्या, वारा-पाऊस-वीज हिच्या हुकमातले. भुसावळच्या मे महिन्यापुढे तिचं काही चाललं नाही.

पाणी उकळायचं नाही. बोट घातलं तर चटकन काढावंसं वाटेल एवढं. घोटा दीड-दोन मिनिटं आत, मग सरळ करून धरायचा आणि तसाच गार पाण्यात. धरणारा हात हलला तर पुन्हा पहिल्यापासून. माझा हलतो. आजीचा नाही, पापड लाटणारे हात आहेत ते.

म्हणून परातीशी आजी बसलीय. स्टॉर्मचे पाय माठाच्या पाण्यात, कंबर आजीच्या मुठीत. बाहेर लू. आजी तिच्याकडे बघतेय, मी घड्याळाकडे.

“आते सोडू का?”

थांब आजी. अजून एक मिनिट.