'काही लागलं तर सांग' म्हणणं आधी बंद करा

नमस्कार मंडळी! आवाज नीट येतोय ना? पंखा बंद केलाय म्हणून विचारते. मार्चमध्ये, ऐरोलीत, पंखा बंद करून बोलतेय. एवढं प्रेम आहे तुमच्यावर.

२० मार्च जवळ आला की माझ्याकडे एकच प्रश्न येतो: "ताई, ऑफिसात हॅपीनेस डे आहे, काय करू?" यंदा तर घणसोलीतल्या एका सोसायटीचे सेक्रेटरीही विचारतायत. तर पटकन सांगते. भूतानने पुढाकार घेतला, २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला, २०१३ पासून आंतरराष्ट्रीय आनंद दिवस साजरा होतो. झालं. पिवळे फुगे लावा, केक कापा, माझी हरकत नाही. झोप, चालणं, जेवताना फोन लांब, हेही तुम्हाला पाठ आहे. ठाण्याच्या तलावपाळीला दोन फेऱ्या मारल्या की बरं वाटतं, हे सांगायला चॅनल कशाला हवं?

मला आज एकाच वाक्यावर बोलायचंय. "काही लागलं तर सांग."

दोन वर्षांपूर्वी बाबा ठाण्याला हॉस्पिटलमध्ये होते, अकरा दिवस. (आता ठणठणीत आहेत, कमेंटमध्ये काळजी करू नका.) हे वाक्य मला इतक्या जणांनी पाठवलं की फोन 'धन्यवाद' आपणहून सुचवायला लागला. सगळ्यांनी मनापासूनच लिहिलं होतं. पण मी एकालाही काही सांगितलं नाही. एकालाही!

तिसऱ्या रात्री साडेदहाला घरी आले, तर दाराच्या कडीला पिशवी. आत स्टीलचा डबा, झाकणावर चिकटपट्टीने लावलेला कागद: "आमटीत मीठ कमी पडलंय, वरून घे. डबा परत द्यायची घाई नको. उद्या १० ते १ बाबांजवळ मी बसते. नको असेल तर नुसतं 'नको' लिही." तळमजल्यावरच्या काकू! तोवर आमचं बोलणं म्हणजे 'आज पाणी किती वाजता येणार?' एवढंच.

त्या कागदावर वस्तू आहे, वेळ आहे, आणि नको म्हणायची सोयही आहे. 'काही लागलं तर सांग'मध्ये यातलं काय आहे? ज्याचं डोकं आधीच फिरलंय, त्यानेच बसून ठरवायचं की मला काय हवंय, ते तुमच्याकडे मागण्यासारखं आहे का, आणि तुम्ही खरंच म्हणालात की रीत म्हणून. मदत राहिली बाजूला, त्याला आणखी एक काम लावलंत.

ऑफिसातही तेच. आमचे एक जुने साहेब म्हणायचे, "माझी केबिन कायम उघडी आहे." होती की उघडी! आत साहेब हेडफोन लावून कॉलवर. एक नवीन मुलगी दारापर्यंत जाऊन दोनदा परत आलेली मी बघितलीय. शेवटी शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "अर्धा रिपोर्ट इकडे दे, तू सहाची बस पकड." तो साधा ज्युनिअर होता हो.

आता इथे दरवर्षीची कमेंट येणार: "ताई, पगार वाढवा, आनंद आपोआप येईल." बरोबर आहे! मी कधी नाही म्हटलं? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, व्याख्या केली, त्यातही कामाच्या जागचा, नीट न हाताळलेला, लांबलेला ताण असंच म्हटलंय. म्हणजे दोष माणसाच्या स्वभावात शोधू नका. फ्रान्समध्ये २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, कामाची वेळ संपल्यावर फोन-मेल किती, यावर बोलणी करावी लागतात. आपल्याकडे रात्री अकराला "अर्जंट नाही, पण..." असा मेसेज टाकणारा माणूसच सकाळी फुगे फुगवतो.

असो. वाक्याकडे येते. ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलच्या लेडीज डब्यात आपण किती नेमकं बोलतो बघा. "कुठे उतरणार? रबाळे? मग ही सीट माझी." तिथे कोणी म्हणतं का, "काही रिकामं झालं तर सांगा"? बेलापूरपर्यंत उभ्या राहाल!

मागणाऱ्यांनाही हेच लागू आहे बरं का. फ्लिन आणि लेक या दोन संशोधकांनी २००८ मध्ये एक अभ्यास छापला. लोकांना अनोळखी माणसांकडे छोटी मदत मागायला पाठवलं, एखादा फोन करायला मोबाइल द्याल का, असली. किती जणांना विचारावं लागेल, याचा अंदाज आधी घेतला. प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच कमी जणांना विचारून काम झालं. आपण समोरच्याला उगाच कंजूष समजतो.

एका ताईंची कमेंट मला आवडली: "कोणी आगाऊपणा समजलं तर?" समजू शकतं. म्हणून तर काकूंचं ते 'नुसतं नको लिही' महत्त्वाचं. आणि नको आलं तर फुगून बसायचं नाही. (दुसऱ्या एकांनी लिहिलंय, "मागची कुंडी सुकलीय." दिसतंय मला. पाणी घालते.)

एक गंभीर गोष्ट. कोणी मनानेच खचलंय असं वाटलं, तर डबा पुरत नाही. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पण नंबर नुसता फॉरवर्ड करू नका. शेजारी बसा, लावून द्या.

आणि सेक्रेटरीसाहेब, तुमचं उत्तर. लिफ्टशेजारी एक फळा लावा. "ए-३०४, गुरुवारी बँकेत जातोय, पासबुक भरून आणतो." "शनिवारी सकाळी वाशी मार्केट, गाडीत दोघांची जागा." फ्लॅट, काम, वेळ. कोणी 'काही लागलं तर' लिहिलं, तर सरळ पुसून टाका. माझं नाव सांगा.

काकूंचा डबा? अजून माझ्याकडेच आहे. घाई नको म्हणाल्या होत्या ना! रिकामा कसा देणार, आणि मला त्यांच्यासारखं काही जमत नाही. यंदा पाडव्याला श्रीखंड घालून देतेय. विकतचं आहे, त्यांना सांगू नका.